शाळेतल्या संडासाचं कुलूप ते सुप्रीम कोर्ट: लॅटिनो पोरांचं पुढारपण

कोकमसार

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत येऊन मला अकरा वर्षं झाली. हे गाव निम्म्याहून जास्त लॅटिनो, त्यातही बहुतेक मेक्सिकन मुळांचं. नवी होते तेव्हा शेजारच्या आजींना भाबडेपणाने विचारलं होतं, "तुम्ही कधी आलात इकडे?" आजी हसल्या. म्हणाल्या, "आम्ही कुठे आलो? सीमाच आमच्या डोक्यावरून पलीकडे गेली." (टेक्सास आधी मेक्सिकोत होतं.)

तर, गेल्या हिवाळ्यापासून शनिवारी सकाळी मी एका वाचनालयात बसते. कॉलेजची आर्थिक मदत मागायचे फॉर्म भरायला मुलांना हातभार लावायचा, एवढंच काम. एका शनिवारी बारावीतली एक मुलगी आली. सोबत आई, आईच्या कडेवर धाकटा भाऊ. मी इंग्रजीत विचारायचं, मुलीने आईला स्पॅनिशमध्ये सांगायचं, आईने उत्तर द्यायचं, मुलीने ते मला इंग्रजीत सांगायचं, असं चाललं होतं. घरच्या उत्पन्नाचा रकाना आला आणि तिने आईकडे न बघताच आकडा सांगून टाकला. भाडं, विजेचं बिल, भावाच्या दवाखान्याचे कागद, घरमालकाशी बोलणं, सगळं तीच बघते. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून.

त्यानंतर एका शिष्यवृत्तीचा अर्ज घेतला. त्यात प्रश्न होता: तुमच्या नेतृत्वाचा अनुभव लिहा. तिने पेन खाली ठेवलं. "याच्यात माझ्याकडे लिहायला काही नाही. मी कुठल्याच क्लबची अध्यक्ष नव्हते."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतेय. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वक्तृत्वस्पर्धेची ढाल येते. ती मुलगी ज्या भागातून आली होती त्या भागाचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

गावाच्या पश्चिमेला एजवूड नावाचा शाळा-जिल्हा आहे. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्ग सोडून चालत अधीक्षकांच्या कचेरीवर गेली. मागण्या काय, तर पुरते शिकलेले शिक्षक द्या, मोडकी इमारत दुरुस्त करा. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा आईबापांचे डोळे उघडले. पालकांनी संघटना काढली, वकील गाठला आणि त्याच उन्हाळ्यात खटला गुदरला. पहिलं नाव होतं दिमेत्रिओ रॉड्रिगेझ यांचं. हवाई दलाच्या केली तळावर पत्र्याचं काम करणारा माणूस.

खटल्यातले आकडे मी वहीत उतरवून ठेवलेत. इथे शाळेचा बराचसा पैसा त्या त्या भागातल्या घर-जमिनीवरच्या करातून येतो. १९६७-६८ साली एजवूडचे लोक दर शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होते. त्याच शहरातल्या अलामो हाइट्स या श्रीमंत भागातले लोक ०.८५ डॉलर. म्हणजे गरीब जास्त दराने भरत होते. तरी स्थानिक करातून दर मुलामागे एजवूडला २६ डॉलर मिळायचे आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्य आणि केंद्राचे पैसे मिळवले की एजवूड ३५६, अलामो हाइट्स ५९४. एजवूडमधले जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर होते. गाडीने फार तर वीस मिनिटांचं अंतर हो हे!

पालक खालच्या कोर्टात जिंकले. पण २१ मार्च १९७३ रोजी सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताचं म्हणणं. मग एजवूडवाले पुन्हा उठले, या वेळी टेक्सासची स्वतःची घटना हातात घेऊन. १९८९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांचा काही पैसा गरिबांकडे वळवायचा कायदा झाला. त्याला इथे सगळे 'रॉबिन हुड' म्हणतात, कुणी प्रेमाने तर कुणी दात-ओठ खात. पोरं वर्गाबाहेर पडली त्याला तोवर पंचवीस वर्षं उलटली होती.

या चारशे जणांतलं कोण क्लबचं अध्यक्ष होतं, ते कुठेही नोंदलेलं नाही. तुमच्या भागातल्या लॅटिनो मुलांचं काय चालतं ते लिहा. ऐकायला आवडेल.

रानवाट

वाचतेय. २६ आणि ३३३ हे वाचून थांबलेच. वाचनखूण साठवली.

भिंगरी

एक बाळबोध शंका. लॅटिनो, हिस्पॅनिक, चिकानो, हे सगळं एकच का? आमच्या ऑफिसात प्रत्येक जण वेगळं बोलतो आणि मी नुसती मान हलवते.

कोकमसार

भिंगरी, बाळबोध नाही गं. हिस्पॅनिक म्हणजे ज्यांची भाषा किंवा वारसा स्पॅनिश. लॅटिनो म्हणजे ज्यांची मुळं लॅटिन अमेरिकेत. त्यामुळे ब्राझीलचा माणूस लॅटिनो पण हिस्पॅनिक नाही, आणि माद्रिदचा हिस्पॅनिक पण लॅटिनो नाही. चिकानो हा मेक्सिकन अमेरिकनांचा शब्द. आधी हिणवायला वापरायचे, साठच्या दशकात तरुण पोरांनी तोच छातीला लावला. आजी मात्र स्वतःला 'तेहाना' म्हणतात, टेक्सासची. कुठला शब्द कुणाला चालेल हे ज्याचं त्याला विचारावं.

पॅसिफिकचा_वारा

छान धागा. मी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. (शाळेचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.) एजवूडच्या अडीच महिने आधी आमच्याकडे जे झालं, त्याला इथली माणसं अजून 'ब्लोआउट्स' म्हणतात.

१९६३ पासून मालिबूच्या टेकड्यांत, कॅम्प हेस क्रेमर नावाच्या जागी, मेक्सिकन अमेरिकन हायस्कूल विद्यार्थ्यांची शिबिरं भरायची. नावच 'युवा नेतृत्व परिषद'. उद्देश अगदी सोवळा: पोरांनी शिकावं, चांगलं नागरिक व्हावं. पण वेगवेगळ्या शाळांची पोरं रात्री शेकोटीभोवती बसली की काय बोलणार? शाळेबद्दलच. तुमच्याकडे असं आहे का? आमच्याकडे नाही. तुमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत संडासाला कुलूप असतं? आमच्याकडे पण! शिबिराला जाणाऱ्यांत लिंकन हायस्कूलची पॉला क्रिसोस्तोमो होती आणि तिथेच सामाजिक शास्त्रं शिकवणारे साल कास्त्रो होते. पोरांनी शाळांतून प्रश्नावल्या वाटल्या, उत्तरं गोळा केली, मागण्यांची यादी केली.

ती यादी वाचण्यासारखी आहे. मेक्सिकन अमेरिकन शिक्षक आणि मुख्याध्यापक हवेत, आमचा इतिहास पुस्तकात हवा, दोन्ही भाषांत शिकवा. आणि त्याच यादीत, त्याच सुरात: संडास उघडे ठेवा, शिक्षा म्हणून झाडलोट करायला लावू नका, स्पॅनिश बोललं म्हणून मारू नका. हो, मारायचे. लाकडी फळीने.

आधी मागण्या मांडून पाहिल्या, कुणी दाद दिली नाही. १ मार्च १९६८ ला विल्सन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मुलांचं नाटक रद्द केलं आणि ठरल्याच्या आधीच ठिणगी पडली. पुढच्या आठवड्यात गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन, बेल्मॉन्ट. एकूण पंधरा हजारांच्या वर पोरं बाहेर आली असं मानतात. यातली गोम अशी, की शाळेला सरकारी पैसा मुलांच्या रोजच्या हजेरीवर मिळायचा. नुसत्या घोषणांनी कुणाचं काही बिघडलं नसतं. बाकं रिकामी पडली तेव्हा खिशाला चाट बसली.

मग काय, व्हायचं तेच. काही शाळांत पोलिसांच्या काठ्या पडल्या. वसंतात तेरा जणांना पकडलं, त्यात कास्त्रो. आरोप: शांतताभंगाचा 'कट'. नुसता शांतताभंग किरकोळ गुन्हा, पण कट म्हटलं की मोठा. सगळे आरोप शाबीत झाले असते तर माणशी ६६ वर्षांपर्यंत शिक्षा. कास्त्रोंना वर्गातून काढलं, तेव्हा पालक आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात दिवसरात्र ठाण मांडून त्यांना परत आणलं. खटला १९७० मध्ये वरच्या कोर्टाने मोडीत काढला. २०१० मध्ये त्याच शिक्षण खात्याने एका शाळेला साल कास्त्रोंचं नाव दिलं. २०१३ मध्ये ते गेले.

सदाशिव_पेठी

माफ करा, पण जरा वेगळं बोलतो. शाळा सोडून मोर्चे काढायचे आणि त्याला नेतृत्व म्हणायचं, हे काही पटलं नाही. आपली मुलंही परदेशात जातात, वर्णभेद त्यांनाही भोगावा लागतो. पण ती गप अभ्यास करतात आणि पुढे जातात. माझी भाची तिकडे स्पेलिंगच्या स्पर्धेत राज्यपातळीवर गेली. मेहनतीला पर्याय नाही एवढंच म्हणणं. शिक्षक चांगला मिळाला तर गरीब पोरंही चमकतात. गारफील्डमध्येच ते बोलिव्हियाचे गणिताचे मास्तर होऊन गेले ना, त्यांनी करून दाखवलं.

जर्सीकर

पेठीसाहेब, भाचीचं अभिनंदन. पण तुलना करताना एक बघा. आपण इथे आलो कसे? १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आपल्यासाठी दार उघडलं ते मुख्यतः डिग्रीवाल्यांना. आजही एच-वन-बी व्हिसाला पदवी लागते. म्हणजे सरकारने चाळणी लावून आपल्याला वेचून आणलं. माझे वडील इंजिनिअर, आई एमएस्सी. मी चौथीत नापास झालो असतो तरी मला कुणी वर्कशॉपच्या रांगेत उभं केलं नसतं, कारण दुसऱ्या दिवशी बाबा टाय बांधून मुख्याध्यापकांसमोर बसले असते. ज्याचे वडील पहाटे चारला पालक खुडायला शेतावर जातात, त्याच्या बाजूने मुख्याध्यापकांसमोर कोण बसणार? ती खुर्ची रिकामी असते. पोरांनी स्वतःच तिच्यावर बसायचं ठरवलं, तर त्याला तुम्ही अभ्यासचुकारपणा म्हणता.

आता माझ्या बाजूची गोष्ट. न्यू यॉर्कमध्ये हे काम प्वेर्तो रिकोच्या लोकांनी केलं. अंतोनिया पान्तोहा, सान हुआनच्या गरीब घरातल्या. १९४४ मध्ये न्यू यॉर्कला आल्या, कारखान्यात काम केलं, मग शिकून समाजसेवेत पडल्या. १९६१ मध्ये त्यांनी 'आस्पिरा' काढली. स्पॅनिशमध्ये अर्थ 'आकांक्षा धर'. शाळाशाळांतून पोरांचे क्लब. त्यात आधी आपल्या लोकांची स्थिती समजून घ्यायची, मग तिचं कारण शोधायचं, मग काहीतरी करायचं. १९७२ मध्ये आस्पिराने शहराच्या शिक्षण मंडळावरच दावा लावला: इंग्रजी न येणाऱ्या पोरांना इंग्रजीत शिकवणं म्हणजे न शिकवणंच. १९७४ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि शहराला द्विभाषिक वर्ग सुरू करावे लागले. मी नव्वदच्या दशकात क्वीन्समध्ये शिकत होतो तेव्हा वर्गात आलेली इक्वाडोरची पोरं अशा वर्गांत बसायची. तेव्हा वाटायचं, यांचे लाड चाललेत. असो.

चुरमुरे

+१ जर्सीकर.

कोकमसार, तुमच्या गावापासून दोनेक तासांवर क्रिस्टल सिटी आहे. पालकाच्या भाजीचं गाव. चौकात पॉपायचा पुतळा आहे, १९३७ पासून! नवऱ्याच्या कामासाठी त्या बाजूला तीन वर्षं काढली, म्हणून सांगते.

तिथे भांडण पेटलं ते चीअरलीडरवरून. हसू नका. हायस्कूलमध्ये बहुसंख्य पोरं मेक्सिकन अमेरिकन, पण चौघींच्या संघात मेक्सिकन मुलगी एकच घ्यायची, असा अलिखित रिवाज. निवड शिक्षक करायचे. त्यात १९६९ मध्ये शाळेच्या उत्सवातल्या 'राणी'साठी माजी विद्यार्थी संघटनेने अट घातली: मुलीच्या आईने किंवा वडिलांनी त्याच हायस्कूलमधून शिक्षण पुरं केलेलं असावं. वरवर बघता काय चुकीचं आहे त्यात? पण आधीच्या पिढीतले मेक्सिकन बहुतेक शेतातच अडकलेले, हायस्कूल पुरं केलेला आणणार कुठून? जातीचं नाव न घेता जात पाळायची ही रीत आपल्याला नवी नाही.

सेवेरिता लारा नावाच्या मुलीने पत्रकं वाटली, तिला शाळेने घरी बसवलं. ९ डिसेंबर १९६९ ला पोरं बाहेर पडली आणि नाताळपर्यंत निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. तिघं विद्यार्थी तर वॉशिंग्टनला जाऊन सिनेटरांना भेटून आले. जानेवारीत शाळा मंडळाने बऱ्याच मागण्या मान्य केल्या. पण पोरं आणि त्यांचा पुढारी होसे आन्हेल गुतिएरेस तिथे थांबले नाहीत. घरोघरी जाऊन आईबापांची मतदार नोंदणी केली. 'ला रासा उनिदा' हा नवा पक्षच काढला आणि १९७० च्या एप्रिलमध्ये शाळा मंडळ आणि नगरपालिका, दोन्हींत जागा जिंकल्या. लारा पुढे त्या गावच्या महापौर झाल्या.

भिंगरी

चीअरलीडरवरून नगरपालिका!! मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, आमच्या शाळेचा पण संडास बंदच असतो. :)

पॅसिफिकचा_वारा

सदाशिव_पेठी, तुम्ही म्हणता ते मास्तर म्हणजे हाइमे एस्कालांते. माणूस खरंच मोठा. १९८२ मध्ये गारफील्डचे त्यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसच्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षेत पास झाले आणि परीक्षा घेणाऱ्यांना शंका आली की पोरांनी कॉपी केली. बारा जण पुन्हा बसले, बाराही पास. मी वर्गात ही गोष्ट दरवर्षी सांगतो. पण १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि त्यांनी उभं केलेलं काम हळूहळू ओसरलं. एका माणसाच्या खांद्यावर उभं केलं की तो गेला की जातं. शिवाय त्यांच्या वर्गापर्यंत पोचायला आधी बीजगणित हवं, आणि ते पोराच्या वेळापत्रकात घालायचं की नाही हे ठरवणारा माणूस वेगळाच असतो.

त्या वेळापत्रकाचीच गोष्ट सांगतो. इथे सरकारी विद्यापीठात जायचं तर हायस्कूलमध्ये 'ए ते जी' नावाचे पंधरा ठरावीक कोर्स लागतात. श्रीमंत भागात ते आपोआप मिळायचे. आमच्या भागात बारावीला आलेल्या पोराला कळायचं, की आपण चार वर्षं जे शिकलो त्याने हायस्कूल पास होतं, पण विद्यापीठाचं दार उघडत नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. एका समुपदेशकाकडे शेकड्यांनी पोरं, तो तरी कुणाकुणाला सांगणार? पूर्व भागात 'इनरसिटी स्ट्रगल' आणि दक्षिणेत 'कम्युनिटी कोअलिशन' या संघटनांच्या पोरांनी हे धरून लावलं. शाळाशाळांतले कोर्स मोजले, कुठल्या शाळेत किती तास कशाचे ते मांडलं. जून २००५ मध्ये शिक्षण मंडळाने ठराव केला, की हे कोर्स सगळ्यांनाच.

आता कडू घास. ठरावात पुढे ग्रेडचा प्रश्न आला. विद्यापीठ 'सी' मागतं. तोच नियम लावला तर हजारो पोरं हायस्कूलच नापास होतील म्हणून २०१५ मध्ये मंडळाने 'डी' चालेल असं केलं. म्हणजे कोर्स तोच, वर्ग तोच, पण डी मिळालेला घरी आणि सी मिळालेला विद्यापीठात. पेपर तपासताना ६८ आणि ७० मार्कांच्या मधे माझा हात थबकतो तो यामुळेच. यावर कुठली संघटना मोर्चा काढणार, आणि कुणाविरुद्ध?

संत्री_बर्फी

अवांतर, पण नागपूरकर म्हणून राहवत नाही. मेक्सिको आणि शिक्षण म्हटलं की पांडुरंग खानखोजे आठवायलाच हवेत. वर्ध्याचे गदर क्रांतिकारक, इंग्रजांच्या हातावर तुरी देत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली माणसं रंगवलीत, त्यात भाकरी मोडून देणारा माणूस खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर परत आले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. म्हणजे तुमच्या एजवूडच्या मोर्च्याच्या आदल्या वर्षी.

कोकमसार

संत्री_बर्फी, असं अवांतर रोज चालेल. आजींना सांगणार आहे.

सदाशिव_पेठी

वेळापत्रकाचा मुद्दा माहीत नव्हता, तो मान्य. तरी मग याचा शेवट कोट्यात आणि आरक्षणातच होणार ना? आपल्याकडे काय झालं ते बघतोय आपण. गुणवत्तेचं काय...

रानवाट

पेठीकाका, हात जोडते. आरक्षणाचे सहा धागे उघडे आहेत, तिकडे जा. या धाग्याचा काश्मीर करू नका.

वही_पेन

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना आम्ही डॅलसला आलो. आता तो वीस वर्षांचा आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, आमचा नंबर कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं. एकविसाव्या वाढदिवसाला तो आमच्या एच-फोर (नोकरदाराच्या कुटुंबाच्या) व्हिसावरून गळणार. शाळेत सगळे प्रेसिडेंट्स तोंडपाठ म्हणणारा पोरगा एका सकाळी परका होणार. केक आणायचा की वकील, अशी अवस्था.

मला वाटायचं 'ड्रीमर' (लहानपणी इथे आणलेली, कागद नसलेली मुलं) वगैरे प्रकरण त्यांचं, बेकायदा आलेल्यांचं. आपण रीतसर आलो. मग मुलाने कॉलेजात त्यांच्या बैठकांना जायला सुरुवात केली आणि घरी येऊन मलाच शिकवायला लागला. १९७५ मध्ये टेक्सासने कायदा केला होता, की कागद नसलेल्या मुलांसाठी शाळांना राज्याचा पैसा नाही. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडे वर्षाला हजार डॉलर मागितले. काही कुटुंबं कोर्टात गेली. सुनावणी पहाटे सहाला ठेवली होती, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. आणि ती माणसं घरातलं सामान गाडीत भरूनच कोर्टात आली होती. निकाल काहीही लागो, तिथूनच हद्दपार केलं तर? १५ जून १९८२ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की मुलांना शाळेचं दार बंद करता येणार नाही. 'प्लायलर विरुद्ध डो'. ही पाच-चारची आकडेवारी तुमच्या रॉड्रिगेझ खटल्यासारखीच, फक्त उलटी.

पण ते बारावीपर्यंतच. पुढे काय? १ जानेवारी २०१० ला चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनला चालत निघाले. दीड हजार मैल. त्यातल्या काहींकडे कागद नव्हते, आणि ते स्वतःचं नाव सांगत चालले होते. त्या काळात पोरांचं घोषवाक्यच होतं, 'कागद नाहीत, भीतीही नाही'. अशा मुलांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणारा ड्रीम कायदा त्याच डिसेंबरात सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४१ असा अडकला, कारण साठ मतं लागतात. मग १५ जून २०१२ ला ओबामांनी 'डाका' (DACA) जाहीर केला, लहानपणी आलेल्या अशा मुलांची हद्दपारी तूर्त थांबवणारा कार्यक्रम. प्लायलरला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी.

डाकाची अट काय माहितेय? त्या दिवशी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसला पाहिजे. माझ्या मुलाकडे होता. म्हणून तो बाद! आणि १५ जून २००७ पासून सलग इथे राहिलेलं असावं लागतं, म्हणजे आज हायस्कूलमध्ये असलेल्या, पण नंतर आलेल्या, कागद नसलेल्या लॅटिनो मुलांनाही तो नाहीच. त्यांच्या बैठकीत माझा एकच मराठी पोरगा, आणि त्यांनी त्याला "तू रीतसरवाला, तू बाहेर बस" असं एकदाही म्हटलं नाही. मी त्यांच्याबद्दल घरात काय काय बोलले होते ते आठवलं की लाज वाटते.

जर्सीकर

वही_पेन, लिहिलंत ते बरं केलंत. मुलाच्या तारखेआधी एफ-वन विद्यार्थी व्हिसाचं बघितलंय ना? व्यक्तिगत निरोप करतो.

वही_पेन

हो, तेच चाललंय. धन्यवाद. फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची होईल की काय, याचा घोर आहे. टेक्सासने २००१ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला होता: इथल्या हायस्कूलमधून निघालेल्या मुलाला कागद असोत-नसोत, फी स्थानिकच. रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली होती त्यावर. जून २०२५ मध्ये केंद्राने त्याविरुद्ध दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि कायदा गेला. चोवीस वर्षांचा कायदा, एका दुपारीत. मुलाच्या बैठकीतल्या दोन मुली पुढच्या सत्राला आल्याच नाहीत.

पॅसिफिकचा_वारा

मिळालेलं टिकत नाही हे खरंच. ॲरिझोनातलं टूसॉन बघा. तिथे हायस्कूलमध्ये मेक्सिकन अमेरिकन इतिहास-साहित्याचे वर्ग होते. २०१० मध्ये राज्याने ते बंद पाडायला कायदा केला. एप्रिल २०११ मध्ये मंडळाची बैठक सुरू व्हायच्या आधी पोरांनी सदस्यांच्या खुर्च्या बळकावल्या आणि स्वतःला साखळीने त्यांना बांधून घेतलं. बैठकच होऊ दिली नाही. तरी जानेवारी २०१२ मध्ये वर्ग बंद झालेच. २०१७ मध्ये न्यायाधीश म्हणाले, हा कायदा वंशद्वेषातून राबवला गेला. पण तोवर साखळीवाली पोरं पंचविशीला टेकली होती.

जर्सीकरांनी रिकाम्या खुर्चीचं लिहिलं तेव्हा मला त्याच खुर्च्या आठवल्या होत्या.

तरी एक आकडा घ्या, नाहीतर पेठीसाहेब म्हणतील नुसतंच रडगाणं. १९९० मध्ये १६ ते २४ वयाच्या हिस्पॅनिक तरुणांत शंभरातले ३२ जण हायस्कूल अर्धवट सोडून बसलेले होते. २०२१ पर्यंत ते आठच्या आसपास आले. हे अमुक एका मोर्च्यामुळे झालं असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण आपोआप झालं असंही म्हणू नये.

सदाशिव_पेठी

३२ वरून ८ हे मोठंच आहे. वाचतोय. (आरक्षणावर बोलणार नाही, रानवाटताई.)

रानवाट

:) कोकमसार, त्या मुलीचं राहिलंच की. तिने त्या रकान्यात शेवटी लिहिलं काय?

कोकमसार

त्या दिवशी काहीच नाही. मी तिला म्हटलं, उत्पन्नाचा आकडा तुला पाठ कसा, तेच लिही. ती म्हणाली, त्यात काय लिहायचं, ते तर घरचं काम आहे.

पुढच्या शनिवारी कागद घेऊन आली. वीज कंपनीच्या फोनवर पन्नास मिनिटं थांबून आईचं बिल कसं दुरुस्त करून घेतलं, ते लिहिलं होतं. नंतर त्याच इमारतीतल्या आणखी तीन बायकांची बिलं. एका स्पेलिंगवर तिला शंका होती, मलाही आली, दोघींनी मिळून बघितलं. अर्ज गेला. उत्तर अजून नाही.

आणि एक गंमत. आमच्या टेबलावरची पाटी फक्त इंग्रजीत आहे. लोक दारातून डोकावून परत जातात, हे अकरा महिने मला दिसलं नव्हतं, तिला दुसऱ्याच खेपेला दिसलं. तिने मार्करने मोठ्या अक्षरांत स्पॅनिश पाटी लिहून आणली. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, भिंतीला चिकटवायचं तर वरून परवानगी लागते. तो अर्ज तिने स्वतःच भरलाय. तोवर पाटी टेबलावर आडवी पडलेली असते, उडू नये म्हणून वर स्टेपलर ठेवतो.